गेम चालू असतानाच पीसी रीस्टार्ट होतो, बाकी वेळ ठणठणीत

मागावरचा
नमस्कार मंडळी. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि ६०० व्हीएचा यूपीएस असा सेट आहे. ओपन वर्ल्ड गेम लावला की थोड्या वेळात स्क्रीन काळी होते आणि पीसी आपोआप रीस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. दिवसभर डिझाइनचं काम करतो तेव्हा हूं की चूं नाही. टेंपरेचर बघितलं, कार्ड ७१, प्रोसेसर ७४. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी लाल खूण, कर्नल-पॉवर ४१. विंडोज नव्याने टाकून झालं. आणखी एक, सुट्टीच्या दिवशी दुपारी कधीकधी तासन्‌तास चालतो, पण संध्याकाळी हमखास पडतो. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, नवीन घ्या. एवढे पैसे घालायच्या आधी कुणीतरी नक्की सांगा.

रात्रपाळी
ग्राफिक्सचा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन पूर्ण काढा आणि एक आवृत्ती मागचा टाका. माझं त्याने थांबलं होतं.

सोल्डरवाला
कार्ड बदलू नका. आधी इव्हेंट ४१ नीट वाचा. ते कारण नव्हे, मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढीच विंडोजने नंतर केलेली नोंद आहे. तिच्यावर क्लिक करून डिटेल्समध्ये जा, तिथे बगचेक-कोड (विंडोज कोलमडण्याच्या कारणाचा आकडा) अशी ओळ दिसेल. ड्रायव्हरने मान टाकली असती तर तिथे बहुतेक २७८ सारखा आकडा असता. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही उसंत मिळाली नाही, म्हणजे संशय आधी करंटवर घ्यायचा. सिस्टीम प्रॉपर्टीजमधलं 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' पण काढून ठेवा, म्हणजे निळी स्क्रीन येत असेल तर ती तरी थांबून दिसेल.

तुम्ही संध्याकाळचं लिहिलंत म्हणून विचारतो, राहता कुठे? आणि पीसी पडतो त्या क्षणी यूपीएसमधून 'टक्' असा आवाज येतो का?

मागावरचा
बगचेक-कोड ०. राहायला इचलकरंजीत, घराच्या दोन्ही अंगांना माग आहेत. संध्याकाळी पाळी बदलली की ट्यूबलाइट क्षणभर फडफडते. टक् आवाज येतो हो, पण तो एरवीही येतो, तेव्हा पीसी पडत नाही.

सोल्डरवाला
एरवी पडत नाही आणि गेममध्येच पडतो, यातच सगळं आलं. मागाच्या मोटारी एकदम उठल्या की व्होल्टेज खाली बसतं, यूपीएसचा रिले (करंटची वाट बदलणारा स्विच) बॅटरीवर उडी मारतो. त्या उडीत काही मिलिसेकंद पुढे करंटच नसतो. तेवढा वेळ सप्लायमधला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, पीसीला धरून ठेवतो. डिझाइनचं काम चालू असताना ओढ कमी, म्हणून साठा पुरतो. गेममध्ये तोच साठा कितीतरी लवकर संपतो, सप्लाय मदरबोर्डला दिलेला 'पॉवर गुड' सिग्नल मागे घेतो आणि बोर्ड रीसेट होतो.

आता हिशोब बघा. कार्ड २२०, गेममध्ये प्रोसेसर ६० धरा, बाकी बोर्ड-पंखे-एसएसडी ५०. सप्लायमधली घट धरून भिंतीतून ३८०-३९० वॅट, वर मॉनिटर. चारशेच्या पुढे गेलात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. रिलेची उडी निभावली तरी बॅटरीवर एवढा भार त्याला झेपणार नाही. शिवाय स्वस्त यूपीएसचा बॅटरीवरचा करंट पायरी-पायरीचा असतो, आजच्या सप्लायना तो मानवत नाही.

असं करा. पीसीची वायर यूपीएसमधून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि पाळी बदलायच्या वेळेलाच खेळा. त्याआधी सप्लायच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. असेल तर व्होल्टेज थोडं बसलं तरी तो सांभाळून घेतो. मग पुन्हा यूपीएसवर या आणि आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून खेळा. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशाने थांबलं ते कळणार नाही. आणि सप्लाय उघडायला जाऊ नका, वायर काढल्यावरही आतला कपॅसिटर झटका देतो.

रात्रपाळी
रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून बघायला काय हरकत आहे? तेही असं करतं.

सोल्डरवाला
करतं, पण रॅम घड्याळ बघून बिघडत नाही. भिंतीवर लावूनही पडला तर पुढची पायरी तीच.

मागावरचा
भिंतीवर लावला. लेबलवर १००-२४० आहे. ट्यूब फडफडली, गेम चालूच राहिला. मग यूपीएसवर पॉवर लिमिट ७० टक्के केलं, टक् वाजलं, तरी पीसी उभा! मग लिमिट पुन्हा पूर्ण केलं आणि पुढच्याच टक्ला रीस्टार्ट. दादा, कार्डाचे पैसे वाचवलेत. आता यूपीएस कुठला घेऊ? आणि एक विचारायचं राहिलं, कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात. हे नॉर्मल आहे का?

सोल्डरवाला
यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॅट विचारा. तुम्हाला ६०० वॅट हवेत, म्हणजे १००० ते ११०० व्हीए, आणि जमलं तर प्युअर साइनवेव्हचा, म्हणजे पायरी-पायरीऐवजी भिंतीतल्यासारखा सलग करंट देणारा, महाग पडतो पण तुमच्या गल्लीत तो लागणारच. तोपर्यंत ७० टक्क्यांवर खुशाल खेळा, बऱ्याच गेममध्ये फरक जाणवणारही नाही.

मुंग्या मात्र नॉर्मल नाहीत. सॉकेटला अर्थिंग नाही किंवा कुठेतरी तुटलंय. यूपीएस नंतर घ्या, उद्या आधी वायरमनला बोलवा आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर सॉकेटचं अर्थिंग बहुधा ठीक, जास्त भरलं किंवा आकडा स्थिर राहत नसेल तर अर्थिंग दुरुस्त झाल्याशिवाय पीसी लावू नका. घरात लहान मूल असेल तर आजच प्लग काढून ठेवा.

मागावरचा
पुतणी आहे तीन वर्षांची. काढला प्लग.