चिलटे: वेगापेक्षा थांबण्याची जागा महत्त्वाची
सायकलचा वेग वाढवला की चावरी चिलटे मागे पडतात, असे एक मत मांडले जाते; ते उतारावर पटते. परंतु नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या चढावर सायकल पायी चालण्याच्या वेगाला येते आणि कानामागे चावे सुरू होतात. डासांची जाळी टोपीवरून ओढण्याचा उपायही मी करून पाहिला आहे, पण जेमतेम एक ते तीन मिलिमीटरचा हा कीटक तिच्या भोकांतून आत शिरतो आणि आतच अडकून चावत राहतो, हे अधिक वाईट.

खरा फरक पडला तो थांबण्याची जागा बदलल्याने. यांची मादी ओल्या, कुजकट चिखलात अंडी घालते. त्यामुळे मे महिन्यात गंगापूर धरणाचे पाणी ओसरून उघड्या पडलेल्या काठावर तिन्हीसांजेला पंक्चर काढत बसणे म्हणजे त्यांना आमंत्रणच. तेच काम वाऱ्यावरच्या टेकाडावर केले, तर या दुबळ्या पंखांच्या कीटकांना उडणेच कठीण जाते.