मदत हवी आहे: पश्चिमेच्या भिंतीला काय वापरू?

नमस्कार मंडळी. धायरीत घर बांधतोय, जोतं झालंय. आईची खोली पश्चिमेला येते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा रात्री ती भिंत धगधगायला नको, एवढीच धडपड आहे.

गवंडीमामा ९ इंची लाल विटेवर ठाम आहेत. इंजिनिअर हलक्या स्टीलच्या सांगाड्यात रॉकवूल (दगडी तंतूंची उष्णता अडवणारी लोकर) भरू म्हणतात. पण स्टील उष्णता झटकन वाहून नेतं, मग सांगाड्याच्या पट्ट्यांतून ती आत येणारच ना? बाहेरून इन्सुलेशनचा सलग थर दिला तर भागेल का? मला ८ इंची एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) बरे वाटतात, त्यांत हवेचे बारीक कप्पे असतात म्हणून. धास्ती आहे ती पावसाळ्यातल्या ओलीची आणि प्लास्टरच्या भेगांची.

यापैकी कुठल्याही भिंतीत ज्यांनी दोन उन्हाळे काढलेत, त्यांनी कृपया अनुभव सांगा. रॅट-ट्रॅप बाँडमध्ये (विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवायची पद्धत) वीटकाम करणारे गवंडी जवळपास मिळतात का, तेही कळवा.