मदत हवी आहे: ठाणे-मुंब्रा मुक्कामात दंगलीचा विषय कधी काढावा?

ठाण्यातल्या नौपाडा (बहुतांश हिंदू वस्ती) आणि मुंब्रा-कौसा (बहुतांश मुस्लिम वस्ती) इथली कॉलेजची मुलं सुट्टीत चार दिवस एकमेकांच्या घरी राहणार आहेत. सगळी १८ च्या वरची. घरच्यांची संमती, जेवणाखाण्याचं, नमाज-उपासाच्या वेळा हे ठरलंय.

व्याख्यान, गटचर्चा करून पाहिलं. मुलं गोड बोलतात आणि "ते लोक तसलेच" हे लहानपणापासूनचं मनात तसंच राहतं. खरे प्रश्न निघतात ते रात्री ओट्याशी भांडी विसळताना, म्हणून मुक्काम.

१९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबई सोडून मुंब्र्यात आलेल्या काही आजी बोलायला तयार आहेत. त्या दंगलीची चौकशी केलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालातले उतारेही वाचायचेत. पहिल्याच दिवशी घेतलं तर यजमान घर अवघडतं. शेवटी ठेवलं तर शिकलेलं तपासून बघायला वेळच उरत नाही.

असे मुक्काम घेतलेल्यांनी सांगा: आधी आजी की अहवाल, आणि कितव्या दिवशी?