रस्त्यावर गाडी लावायला पैसे का नकोत? (पुणे, पे अँड पार्क)

शनिवारपेठी
दर काही महिन्यांनी जंगली महाराज रोड, फर्ग्युसन रोड, लक्ष्मी रोडवर पे अँड पार्क येणार अशी बातमी येते, चार दिवस व्हॉट्सअपवर आरडाओरडा होतो आणि विषय थंड पडतो. 2018 आठवतंय का? मार्चमध्ये महापालिकेच्या मुख्य सभेत पार्किंग धोरण मंजूर झालं, बाहेर आंदोलनं, आत गोंधळ, आणि शेवटी काय तर पाच रस्त्यांवर प्रयोग करून बघू असं ठरलं. तो प्रयोग पण वर्षानुवर्षं कागदावरच. त्याच वर्षी बातमी आली होती की शहरातल्या गाड्या 36 लाखाच्या वर गेल्या म्हणजे माणसांपेक्षा जास्त. तेव्हापासून गाड्या काय कमी झाल्यात का.

माझं म्हणणं सरळ आहे, मोठ्या बाजाररस्त्यांवर गाडी लावायला तासाप्रमाणे पैसे घ्या आणि चौकाच्या तोंडाशी एकही गाडी उभी राहू देऊ नका. दुसरा मुद्दा पैशापेक्षा महत्त्वाचा आहे पण त्याच्यावर कोणी बोलत नाही. गल्लीतून मेन रोडला येताना कोपऱ्यावर एसयूव्ही लावलेली असते, तिच्यापलीकडून काय येतंय ते दिसत नाही म्हणून आपण गाडीचं तोंड अर्धं रस्त्यात काढतो आणि मग बघतो. चालणाऱ्याचं तर विचारूच नका, फूटपाथवर टू व्हीलर, कडेला कार, म्हणजे तो तिसऱ्या रांगेत, पीएमपीच्या बसला खेटून चालतोय. चौकाजवळ, वळणावर, फूटपाथवर, बसस्टॉपपाशी, शाळा-हॉस्पिटलच्या गेटसमोर गाडी लावायची नाही हा नियम आजचा नाहीये, लायसन्सच्या परीक्षेत सगळ्यांनी टिक केलाय.

फुकट आहे म्हणून सकाळी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत हलत नाही. पैसे लागले की माणूस काम उरकून निघतो, जागा फिरती राहते. बोला.

लक्ष्मीरोड_दुकानदार
झालं, आले परत पेठेतले पर्यावरणवादी. साहेब आमच्याकडे गिऱ्हाईक आधीच ऑनलाइनला चाललंय, त्यात साडी घ्यायला आलेल्या बाईला तुम्ही सांगणार की ताई मीटर चालू आहे लवकर पसंत करा. लग्नाचा बस्ता तासाभरात होतो का कधी? एकेका घरचे आठ-दहा जण येतात, दोन गाड्या असतात, दुपारचं जेवण मध्ये होतं. त्यांना ठेकेदाराचा पोऱ्या पावती घेऊन उभा दिसला की पुढच्या वेळी ते सरळ उपनगरातल्या शोरूमला जाणार.

शनिवारपेठी
उपनगरातल्या मॉलमध्ये पण पार्किंगचे पैसे घेतात की. तिथे कोणी मोर्चा काढत नाही. आणि दुकानदार साहेब, राग मानू नका, पण दहा वाजता दुकानं उघडतात तेव्हाच रस्त्याची कड भरलेली असते, त्या वेळी गिऱ्हाईक कुठे आलेलं असतं? त्या गाड्या मालकाच्या आणि स्टाफच्या. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाची जागा तुम्हीच अडवताय.

लक्ष्मीरोड_दुकानदार
स्टाफच्या आहेत, बरोबर. तो स्टाफ कुठून येतो ते पण लिहा ना मग. कात्रज, हडपसर, धायरी. पंधरा-अठरा हजार पगार. दुकान वाढवून घरी जायला रात्रीचे साडेनऊ-दहा, त्या वेळेला बस मिळेल याची गॅरंटी तुम्ही घेता का? त्याच्याकडून दहा तासांचे पार्किंग घेतलंत तर महिन्याचा हप्ता झाला तो. मी कार लावत नाही, मंडईतल्या वाहनतळावर ठेवतो आणि चालत येतो, म्हणून मला ऐकवू नका.

बसनेच_जाते
हा मुद्दा खरा आहे. 1 जून 2025 पासून पीएमपीचा रोजचा पास 40 चा 70 झाला आणि महिन्याचा 900 चा 1500. म्हणजे जी माणसं गाडी न आणून तुमचा रस्ता मोकळा ठेवतात त्यांच्यावर वाढ लगेच लागू, कसली मुख्य सभा नाही की आंदोलन नाही. आणि कारवाल्यांकडून तासाला दहा-वीस रुपये घ्यायचं म्हटलं की सगळ्या पक्षांना सामान्य माणूस आठवतो. सामान्य माणूस कारमध्ये बसतो हे मला इथेच कळलं.

तरी मी पे अँड पार्कच्या बाजूने आहे. फक्त आलेला पैसा बसमध्ये जाणार असं लेखी पाहिजे.

कोथरूडकर_77
गाडी घेताना रोड टॅक्स भरलाय मी, तोही एकरकमी, लाखाच्या घरात. पेट्रोलवर टॅक्स भरतो, टोल भरतो, मिळकतकर भरतो. आता उभं राहायचे पण पैसे? उद्या श्वास घ्यायचे लावा. एकतर रस्ते चालण्यालायक नाहीत आणि वसुलीची एवढी घाई.

शनिवारपेठी
रोड टॅक्स राज्य सरकारला जातो, महापालिकेला नाही. रस्त्याची कड सांभाळायची ती महापालिकेने, म्हणजे मिळकतकरातून, आणि मिळकतकर तर ज्याच्याकडे सायकल पण नाही तो पण भरतो. दुसरं म्हणजे एका कारला जागा धरतात अडीच मीटर बाय पाच मीटर, बांधकामाच्या नियमात हेच माप आहे. साडेबारा चौरस मीटर म्हणजे जवळपास 135 चौरस फूट. डेक्कनला एवढ्या जागेत दुकान भाड्याने घ्यायला जा, मग सांगा दहा रुपये तास महाग का स्वस्त.

कोथरूडकर_77
दुकान आणि रस्ता एक नाही. रस्ता सार्वजनिक आहे.

बसनेच_जाते
सार्वजनिक आहे म्हणूनच. मी तिथे टेबल टाकून इडली विकायला बसले तर अतिक्रमणवाले तासात उचलतील. तुमची कार दिवसभर.

दुचाकीस्वार
त्याच साडेबारा चौरस मीटरमध्ये सहा दुचाकी बसतात. एक बाय दोन मीटर एकीला, हे पण त्याच नियमात आहे. मग दुचाकीला फुकटच ठेवा किंवा कारच्या सहावा हिस्सा घ्या. पण होणार काय माहितीये का, ठेकेदार दुचाकीवाल्यालाच पकडणार, कारण आम्ही संख्येने जास्त आणि आवाजाने कमी. टोइंगचं पण तसंच, आमची गाडी चार पोरं मिळून उचलतात आणि टेम्पोत टाकतात, कारला जॅमर लावायला यांना अर्धा तास लागतो म्हणून तिला कोण हात लावत नाही. नो पार्किंगचा दंड दोघांना सारखाच, पहिल्यांदा 500, परत सापडलात तर 1500.

तिरका_बाण
सगळे भोळे लोक आहेत इथे. धोरण, झोन, दर, कसलं काय. पे अँड पार्क म्हणजे ठेका. बोर्डावर लिहिणार दहा, हातात पावती वीसची, शाई अशी की घरी जाईपर्यंत कोरी होते. एका वाहनतळावर मी मशीनची पावती मागितली तर म्हणतो मशीन चार्जिंगला लावलंय. दिवसभर चार्जिंगला? तुमच्या गाडीला खरचटलं तर जबाबदारी कोणाची, तर बोर्डावर बारीक अक्षरात मालकाची स्वतःची. मग पैसे कशाचे घेता? आधी असलेली वाहनतळं नीट चालवून दाखवा, मग रस्त्याला हात घाला.

शनिवारपेठी
रोख बंद करा, क्यूआर आणि गाडीचा नंबर टाकून तासाचे पैसे, माणूस फक्त तपासायला. दर आणि महिन्याची जमा प्रत्येक रस्त्याच्या बोर्डावर. हे करता येण्यासारखं आहे, करायचं नाही हा भाग वेगळा.

तिरका_बाण
करायचं नाही हाच भाग आहे, वेगळा नाही.

दादरहून
मुंबईचा अनुभव सांगतो. 7 जुलै 2019 पासून महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या 500 मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली तर 5 हजारांपासून 23 हजारांपर्यंत दंड सुरू केला होता. पहिल्या दिवसांत रस्ते खरंच मोकळे दिसले, खोटं नाही बोलणार. पण अर्ध्या लोकांना जवळ वाहनतळ आहे हेच माहीत नव्हतं आणि मोजणार कोण, 500 मीटर सरळ रेषेत का रस्त्याने? नंतर जोर ओसरला. माझं मत असं झालंय की दंड मोठा ठेवून कधीतरी पकडण्यापेक्षा छोटा ठेवा पण रोज पकडा. आठवडाभर कारवाई आणि मग सहा महिने झोप, याने लोक नियम शिकत नाहीत, आठवडा कधी संपतो ते शिकतात.

तोक्योतला_मराठी
इकडे 1962 पासून कायदा आहे. कार घेताना घरापासून 2 किलोमीटरच्या आत तुमची पार्किंगची जागा आहे असं पोलिसांकडून प्रमाणपत्र लागतं. जागा नाही तर गाडी नाही. रात्री रस्त्यावर गाडी ठेवणं बंदच. माझ्याकडे कार नाही, जागेचं भाडं बघूनच विचार सोडला. मे 2025 मध्ये आपले परिवहन मंत्री प्रताप सरनाईक हेच म्हणाले होते ना, पार्किंगचा दाखला नसेल तर नवीन गाडीची नोंदणी नाही?

कोथरूडकर_77
तोक्योत दर तीन मिनिटाला लोकल येते हो. इथे मेट्रो स्टेशनला उतरल्यावर घरापर्यंत रिक्षावाला मीटरने येईल का ते विचारावं लागतं, आणि स्टेशनला गाडी लावून जावं म्हटलं तर बहुतेक ठिकाणी पार्किंगच नाही. मेट्रो केली आणि पार्किंग विसरले, आणि आता आम्हाला शिस्त शिकवणार. आणि दाखल्याचं म्हणाल तर पुण्यात दाखला मिळत नाही असं एक ऑफिस दाखवा.

बसनेच_जाते
शेवटच्या वाक्याला शंभर लाइक.

वाड्यातली_सून
मी मुद्दाम शेवटपर्यंत वाचत होते की आमच्याबद्दल कोणी लिहितंय का. आमचा वाडा बांधला तेव्हा पेठेत गाडी कोणाकडेच नव्हती, दिंडी दरवाजातून स्कूटर पण तिरकी करून आत घ्यावी लागते. रस्त्यावर नाही लावायची तर कुठे लावायची? वर पी-वन पी-टू, सम तारखेला या बाजूला, विषमला त्या बाजूला. रात्री बारा वाजता उठून गाडी हलवायची का? सासऱ्यांचं डायलिसिस आहे, आठवड्यातून तीनदा जावं लागतं, हौस म्हणून नाही घेतली गाडी. 2018 ला पण हीच भीती होती, आणि आम्हीच ओरडलो होतो, अभिमानाने सांगते.

पण चौकाच्या तोंडाचं मान्य. आमच्याच गल्लीच्या टोकाला दोन्ही बाजूला गाड्या असतात, अँब्युलन्स वळत नाही, खुर्चीत बसवून न्यावं लागतं कोपऱ्यापर्यंत. अग्निशमनची गाडी तर सोडाच.

शनिवारपेठी
पैसे बाजाररस्त्यांवर म्हणतोय मी, राहत्या गल्ल्यांत नाही. गल्लीत राहणाऱ्यांना वर्षाचं परमिट द्या, नाममात्र फी, आणि बाहेरच्यांना बंद. आत्ता तुमच्या गल्लीत तुळशीबागेत आलेल्यांच्या गाड्या असतात आणि तुम्ही लांब लावून येता, असं नाही होत का?

आणि चौकाचं काम पोलिसांकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या 117 कलमात पार्किंगची जागा राज्य सरकार किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी ठरवतो, महापालिकेशी सल्लामसलत करून. आपल्याकडे वाहतूक उपायुक्तांचा आदेश निघतो, आधी तात्पुरता, मग हरकती सूचना मागवतात. या हरकती कोणी पाठवत नाही हो. दुकानदार संघटना पाठवते, चालणाऱ्यांची संघटना कुठे आहे. महापालिका म्हणते अधिकार पोलिसांचा, पोलीस म्हणतात पट्टे मारून द्या मग कारवाई करतो. पट्टे मारायला टेंडर. मी स्वतः अर्ज करणार आहे की आमच्या दोन चौकांत दोन्ही बाजूंना आधी फक्त पट्टे आणि बोलार्ड, म्हणजे गाडी शिरू नये म्हणून रोवतात ते खांब, पैशाचं राहू दे बाजूला.

लक्ष्मीरोड_दुकानदार
बोलार्डला माझा पाठिंबा. त्या अर्जावर आमच्या बाजूच्या चार दुकानांच्या सह्या आणून देतो. मालाच्या टेम्पोला सकाळी दहाच्या आत मोकळी जागा एवढं त्यात घाला, कारण तुमच्या चौकाच्या तोंडाशी जो टेम्पो असतो ना तो आमचाच असतो, त्याला दुसरीकडे जागाच नाही. पे अँड पार्कला विरोध कायम, स्टाफला महिना पास दिलात तर बोलू.

दुचाकीस्वार
टेम्पो दहाच्या आत जातो हे मी अजून पाहिलेलं नाही, दुपारी दोनला पण असतो.

लक्ष्मीरोड_दुकानदार
दोनला असतो तो कुरिअरचा. आमचा नाही.

वाड्यातली_सून
परमिटचं एक सांगा. एक घर एक गाडी असं धरणार ना? आमच्यात दोन भाऊ, रेशनकार्ड एक, चुली दोन. कोणाची गाडी धरणार?

शनिवारपेठी
मिळकतकराच्या पावतीवर जितकी नावं तितकी परमिटं, असं काहीतरी करावं लागेल.

वाड्यातली_सून
पावती अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. ते 1987 ला गेले.

तिरका_बाण
मग परमिट त्यांनाच मिळणार.