विषय: क्रूझ – तीन वर्षांखालच्या मुलांच्या किड्स क्लबचं काय? (सोमवारच्या आत ठरायला हवं)

प्रेषक: चिऊची आई

नमस्कार मंडळी,

सोमवारी मंडळाच्या क्रूझ सहलीच्या केबिनचे पैसे भरायचे आहेत आणि आमचं एकाच गोष्टीवर अडलं आहे. जहाज सुटल्यावर तिसऱ्या दिवशी चिऊ तीन पूर्ण करते. खजिनदारकाकांच्या तक्त्यात तिच्यापुढे ‘किड्स क्लब – होय’ असं आहे. ते कशावरून? आपल्या क्रूझ कंपनीच्या, रॉयल कॅरिबियनच्या, ‘ॲडव्हेंचर ओशन’ या किड्स क्लबला तीन पूर्ण लागतात आणि डायपर सुटलेला लागतो, पुल-अपसुद्धा (चड्डीसारखा ओढून घालायचा डायपर) चालत नाही. चिऊचं दिवसाचं बऱ्यापैकी जमलंय, पण खेळात रमली की सांगायचं विसरते. झोपेत तर नाहीच.

दुसऱ्या रात्रीच्या मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही दोघंही अडकलेलो आहोत. माझं निवेदन आहे, ह्याच्याकडे ध्वनिव्यवस्था. म्हणजे त्या रात्री ती नियमाने अजून दोन वर्षांचीच असणार. ज्यांची पोरं या वयात क्लबला जाऊन आली आहेत त्यांनी कृपया खरं काय होतं ते सांगा. माहितीपत्रक मी वाचलं आहे.

प्रेषक: खजिनदार

तक्ता पालकांनी भरलेल्या फॉर्मवरून केला आहे. चिऊच्या फॉर्मवर वय ३ लिहिलं होतं, मी तेच उतरवलं.

बहुतेक कंपन्या जहाज सुटतं त्या दिवशीचं वय धरतात. रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर ६ ते ३६ महिन्यांच्या बाळांसाठी पाळणाघर आहे. त्याचे तासावर वेगळे पैसे पडतात आणि जागा मोजक्या असतात. डिस्नीकडेही तसंच, तीन वर्षांपर्यंत पाळणाघर आणि पुढे ‘ओशनियर क्लब’. एमएससीवर तीनच्या आतल्यांसाठी ‘बेबी क्लब’, त्यानंतर ३ ते ६ वयाचा ‘मिनी क्लब’. हे सगळं मी मागच्याच महिन्यात या ईमेल-यादीवर पाठवलं होतं.

एक विनंती पुन्हा करतो. कुणीही परस्पर कंपनीला फोन करू नये. गटाचं आरक्षण एकाच हातातून जायला हवं. गेल्या खेपेला काय गोंधळ झाला ते सगळ्यांना आठवत असेलच.

प्रेषक: जुळ्यांचा बाबा

काका, मग कार्निव्हल का नको? त्यांच्या ‘कॅम्प ओशन’चा सगळ्यात लहान गट २ ते ५ आहे. डायपर आपण द्यायचे, बदलायचं काम तिथली माणसं करतात. आपल्याकडे तीनच्या आतली निदान पाच पोरं आहेत. त्यांच्या आईबाबांनी आठवडाभर आळीपाळीने केबिनमध्ये बसायचं का?

आमचं सांगतो. जुळी तीन वर्षांची असताना (कंपनी वेगळी होती, नाव घेत नाही) धाकटी दार उघडताच आत पळाली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. थोरली माझ्या पायाला घट्ट धरून उभी. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, आज नको, उद्या सकाळी या, तेव्हा इथे गर्दी नसते. सकाळी तीच थोरली ठोकळ्यांकडे गेली आणि न्यायला गेलो तर यायला तयार नाही. तेव्हा संध्याकाळी जे मूल रडतं ते सकाळीही रडेल असं धरून चालू नका. संध्याकाळी तिथे मोठा गलका असतो, मोठे गटही शेजारीच असतात, आणि दिवसभर उन्हात खेळून मूल आधीच दमलेलं असतं.

जहाज बदलायचं असेल तर हीच वेळ आहे.

प्रेषक: बालवाडीच्या ताई

जुळ्यांच्या बाबांनी गर्दीचं लिहिलं ते अगदी खरं आहे, त्यालाच जोडून लिहिते. इतकी वर्षं या वयाच्या मुलांत काढल्यावर मला वाटतं की आपण वयाच्या अटीवर जेवढं भांडतोय तेवढं पहिल्या तासाबद्दल बोलत नाही. मूल क्लबमध्ये रमणार की नाही, ते त्या तासात ठरतं.

जहाजावर चढतो त्या दिवशी बहुतेक क्लब आईबाबांसाठी खुले असतात. त्या वेळी मुलाला घेऊन जाच. खोली दाखवा, दप्तर कुठे ठेवायचं ते दाखवा, आणि मुख्य म्हणजे शौचालय दाखवा. बहुतेक ठिकाणी तिथली माणसं आत जाऊन मदत करत नाहीत, मुलाने स्वतःचं स्वतः करायचं असतं. घरी ‘सुटलेलं’ मूल अनोळखी जागी दोन दिवस पुन्हा ओलं करतं. यात काहीही वावगं नाही. म्हणून नाडीची विजार किंवा बटणाची पँट नको, ओढून काढता येईल असं काहीतरी घाला. कपड्यांचा एक जोड नाव घालून द्या.

पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. निरोप छोटा असू द्या, पण घ्याच. मूल खेळात गुंतलंय असं पाहून गुपचूप सटकायचं नाही. एकदा असं झालं की पुढे प्रत्येक वेळी ते दाराकडे डोळे लावून बसतं. ‘एका तासाने येते’ याला तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नाही. ‘गोष्ट सांगून झाली, चित्र रंगवून झालं की मी येते’ असं सांगा आणि खरंच त्या वेळी जा.

आपल्या मुलांसाठी आणखी एक. कितीतरी मुलं या वयात घरी फक्त मराठी बोलतात. तिथली माणसं देशोदेशीची असतात, त्यांना ‘शू लागली’ कसं कळणार? पोस्टकार्डाएवढ्या कागदावर शू, शी, पाणी, दुखतंय, आई हवी एवढं रोमन अक्षरांत लिहून, पुढे अर्थ देऊन नोंदणीच्या वेळी हातात द्या. माझ्या भाचीच्या मुलासाठी आम्ही हे केलं होतं. त्या लोकांनी तो कागद भिंतीवर लावून ठेवला.

प्रेषक: कार्यक्रम समिती

ताईंचं सगळं पटलं. पण एक गोष्ट स्पष्ट करते, दुसऱ्या रात्रीची वेळ आता हलवता येणार नाही. सभागृह आपल्याला त्याच वेळेत दिलं आहे, आणि ते मिळवायला किती पत्रव्यवहार झाला ते समितीलाच माहीत. निवेदन कोण करणार हेही समिती ठरवते, ते या यादीवर ठरत नाही.

आणि ‘मुलं क्लबमध्ये असतील’ हे धरूनच आपण कार्यक्रम मोठ्यांचा ठेवला होता. आता आयत्या वेळी लहान मुलं सभागृहात आली तर गाणाऱ्यांचं काय?

प्रेषक: बंड्याचा बाबा

‘लहान मुलं सभागृहात आली तर’ म्हणजे काय? ती मंडळाचीच मुलं आहेत ना? कार्यक्रम लांबला (आपला लांबतोच) तर रात्री दहानंतर बहुतेक क्लबात वेगळे पैसे पडू लागतात. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन, तिघांकडेही तसंच आहे. आणि तीन-चार वर्षांचं मूल त्या वेळी जागं असतं तरी का? आमचा बंड्या गेल्या वेळी तिथे गादीवर झोपला, मी उचलून आणताना जागा झाला आणि मग मध्यरात्रीपर्यंत आमची झोप गेली. क्लबवाल्यांची यात काही चूक नाही. झोपायच्या वेळी मुलाला आपली माणसं हवी असतात. हा प्रश्न कार्यक्रम समितीने सोडवायचा आहे, चिऊच्या आईने नाही.

प्रेषक: आजी (जुळ्यांची)

मुलांनो, मी फारसं लिहीत नाही, पण आणायला जाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

जुळ्यांना आणायला मी गेले तेव्हा मला दारातच थांबवलं. माझं नाव यादीत नव्हतं. नाती आतून ‘आज्जी’ म्हणून हाका मारत होत्या, तरी दिल्या नाहीत. आई आली, तिने सही केली, तेव्हाच सोडल्या. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. पण दुसऱ्याच्या हातात मूल न देणं हेच त्यांचं काम आहे आणि ते त्यांनी चोख केलं. तेव्हा नोंदणी करतानाच आजी, आजोबा, मावशी, काका, जे कुणी आणायला जाणार असतील त्यांची सगळ्यांची नावं लिहा. काही ठिकाणी परवलीचा शब्द असतो, तोही आम्हा म्हाताऱ्यांना आधी सांगून ठेवा.

कार्यक्रमाच्या रात्री मी दोन मुलं सांभाळू शकते. त्याहून जास्त नाही, गुडघे साथ देत नाहीत.

प्रेषक: चिनूची मम्मा

आजींनी लिहिलं ते वाचून विचारते. मूल क्लबात आणि आपण दुसऱ्या टोकाला असताना धोक्याचा भोंगा वाजला तर काय करायचं? मुलाकडे धावायचं की आपल्या ठरलेल्या जागी जायचं? मला खरंच ही काळजी आहे, कुणी हसू नका.

प्रेषक: जुळ्यांचा बाबा

कोण हसतंय? अगदी योग्य प्रश्न आहे. मुलांच्या मनगटावर पट्टा बांधतात, त्यावर त्यांच्या मस्टर स्टेशनचा (संकटात जमायच्या ठरलेल्या जागेचा) क्रमांक असतो. क्लबमधल्या मुलांना तिथले कर्मचारी घेऊन जातात. पण कुठे नेतात, आईबाबांच्या स्टेशनला की मुलांसाठी ठरवलेल्या जागी, हे जहाजागणिक वेगळं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी क्लबच्या दारात हाच प्रश्न विचारा आणि आजीआजोबांनाही उत्तर सांगून ठेवा. सगळेच आईबाप जिन्यांवरून उलटे क्लबकडे धावले तर वाटा तुंबतील.

२०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आपटून कलंडली तेव्हा बऱ्याच प्रवाशांची संकटात कुठे जमायचं याची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्यासुटल्या ती करावीच लागते. लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये आहे का ते आत शिरल्याशिरल्या बघा. नसेल तर लगेच मागा, जहाजावर ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

प्रेषक: डॉक्टरमामा

किड्स क्लब म्हटलं की उलट्या-जुलाबांबद्दल लिहायलाच हवं. नोरोव्हायरस हाताला लावायच्या सॅनिटायझरने नीट मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, निदान वीस सेकंद. क्लबमधून बाहेर पडताना एकदा आणि जेवायच्या आधी पुन्हा. बातम्या वाचून घाबरू नका, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सांगण्यानुसार या विषाणूच्या नोंदलेल्या साथींपैकी क्रूझवरच्या सुमारे १ टक्काच असतात. पण जहाजावर सगळे एकाच जिन्याच्या कठड्याला हात लावतात, तेव्हा गाफीलही राहू नका.

अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर सीडीसीचे लोक तपासणीला येतात आणि त्यात मुलांचं केंद्रही पाहतात. आजारी मुलाला आत घेऊ नये असा दंडक आहे. सकाळी जुलाब झालेलं मूल ‘आता बरं आहे’ म्हणून दुपारी क्लबात सोडू नका. मी जहाजावर असेन, आधी मला हाक मारा, मग जहाजाच्या डॉक्टरांकडे जाऊ.

डायपरमधल्या मुलांना मोठ्या तलावात उतरवता येत नाही, पोहायचा डायपर असला तरीही. काही जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळी कारंज्यांची जागा असते, ती आहे का ते खजिनदारांनी विचारावं.

प्रेषक: खजिनदार

विचारतो. जहाज मात्र बदलणार नाही. तीसहून जास्त केबिनींचा भाव ठरला आहे. कार्निव्हलचा मुद्दा पुढच्या सहलीला आधीपासून धरू.

जुळ्यांच्या बाबांना एक सांगतो. नॉर्वेजियनकडे ३ ते ५ च्या गटात डायपरमधलं मूल घेतात, पण बदलायला आईबाबांना बोलावतात. म्हणजे ‘घेतात’ या एका शब्दावर जाऊ नये, डायपर कोण बदलणार तेही विचारावं. कार्निव्हलसाठीही हे लेखी विचारून घेईन.

पाळणाघराच्या जागांसाठी मला उद्यापर्यंत मुलांच्या जन्मतारखा पाठवा. नुसतं वय नको, पूर्ण तारीख. चिऊचं पहिल्या दोन दिवसांसाठी पाळणाघर मागतो आणि तिसऱ्या दिवसापासून क्लब मिळेल का ते पत्राने विचारतो. फोनवर मिळालेलं ‘हो’ मी धरत नाही, दारात उभी असलेली व्यक्ती वेगळी असते.

प्रेषक: चिऊची आई

काका, जन्मतारीख वेगळी पाठवली आहे. पाळणाघर मिळालं तर उत्तम. पण ताईंचं वाचून आम्ही दोघांनी ठरवलं की कार्यक्रमाची रात्र ही चिऊची तिथली पहिली वेळ असता कामा नये. पहिल्या संध्याकाळी तासभर, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तासभर, आणि ती रमली तरच रात्री ठेवू. नाही रमली तर हा तिच्याबरोबर केबिनमध्ये थांबेल. निवेदन मी करीन, समितीने तेवढं राहू द्यावं. आजी, तुमचं लिहिणं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण तुमच्याकडे जुळी असतीलच, त्यात चिऊची भर नको.

म्हणजे ध्वनीसाठी राखीव माणूस लागेल. निवेदनाचा माइक आणि पेटीचा माइक एवढंच सांभाळायचं आहे.

प्रेषक: बंड्याचा बाबा

मी करतो. बंड्या या वेळी त्याच्या मावशीजवळ झोपणार आहे. मिक्सर जहाजाचा वापरायचा की आपला न्यायचा? आपला असेल तर तो सध्या कुणाकडे आहे?

प्रेषक: कार्यक्रम समिती

जहाजाचा. त्यांचा तंत्रज्ञ असतो, त्याच्याशी बोलणं समितीच करेल. ध्वनीच्या नावात बदल केला आहे, निवेदन आहे तसंच ठेवलं आहे. मध्यंतर दहा मिनिटांचं करतो, म्हणजे ज्यांना क्लबमध्ये डोकावून यायचं आहे त्यांना जाऊन येता येईल. क्लब आणि सभागृह कुठल्या डेकवर आहेत ते काकांनी कळवावं, दहा मिनिटं पुरतात का ते त्यावर ठरेल.