टाईप १ डायबिटीस आहे, पोटाचा त्रास नाही, तरी सीलिॲकची टेस्ट?

धंतोलीची_ताई: मला शाळेत असल्यापासून टाईप १ आहे, आता वय ३४. काही महिन्यांपासून जेवल्यावर तासाभरात शुगर लो होऊन राहिली, आणि मग तीन-चार तासांनी एकदम वर. डोस तोच, पोळ्या पण तेवढ्याच. हिमोग्लोबिन ९ वर, आयर्नच्या गोळ्या घेऊनही हलत नाही. डॉक्टर म्हणतात सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं सुजतं त्या आजाराची, टेस्ट करा. पण मला ना जुलाब ना पोटदुखी, काऊन करायची? आणि तोपर्यंत गहू बंद करून पाहू का?

मानेवाडा_७: ताई गहू अजिबात बंद करू नका!! टेस्ट आणि बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासतात ती) होईपर्यंत पोळी चालूच ठेवा, नाहीतर अँटिबॉडी कमी होतात आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो. टीटीजी आयजीए (सीलिॲकची रक्तातली अँटिबॉडी टेस्ट) सांगतील, त्यासोबत टोटल आयजीए (रक्तात आयजीए अँटिबॉडी एकूण किती) पण करा म्हणा, कारण काही लोकांत आयजीएच कमी असतं, मग पहिल्या टेस्टला अर्थ राहत नाही. टाईप १ वाल्या १०० मधल्या साधारण ५-६ जणांना सीलिॲक निघतो, दोन्ही आजारांचे जीन्स बरेचसे सारखे आहेत. मोठ्यांमध्ये पोट गप्प आणि फक्त ॲनिमिया, असं खूपदा असतं. आतडं सुजलं की अन्न उशिरा शोषलं जातं, इन्सुलिन मात्र आपल्या वेळेवर काम करून जातं, म्हणून आधी लो आणि मग हाय.

ज्वारीवाली: मला दोन्ही आहे. ताई घाबरू नका, आपल्या विदर्भात ज्वारी आहे, तांदूळ आहे, महालक्ष्म्यांची आंबील पण चालते, फक्त पुरणपोळी सुटते (त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं). पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, गिरणी. गहू दळून झाल्यावर त्याच चक्कीत आपली ज्वारी टाकली तर गव्हाचं पीठ येतंच, मी घरीच छोटी चक्की घेतली. दुसरं हिंग, बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं, डबीवर वाचा. लो झाल्यावर बिस्किट नाही, ग्लुकोज पावडर ठेवा. आणि गहू सुटल्यावर आतडं भरून येतं तशी शुगर वाढू शकते, इन्सुलिन जास्त लागू शकतं, तेव्हा पहिले काही महिने डॉक्टरांना आकडे दाखवत राहा. ग्लुटेन फ्री पाकिटांत तांदळाचं, साबुदाण्याचं पीठ असतं, शुगर धाडकन चढते. भाकरी वजन करून खा.

मानेवाडा_७: +१ हिंगाचं. आणि सीलिॲक निघालाच तर आईबाबा, भावंडं, मुलं यांचीही टेस्ट करा.

धंतोलीची_ताई: बाप्पा, हिंग! वरणात रोज टाकते. उद्या सकाळी रक्त देऊन येते, पोळी खाऊनच. @ज्वारीवाली, सावजीच्या मसाल्यात काही असतं का?

ज्वारीवाली: खडे मसाले घरी भाजले तर नाही. तयार पुडीत हिंग किंवा पीठ असू शकतं, हॉटेलात तर विचारूनही खात्री नाही, मी घरीच करते.