‘ड्राफ्ट बिअर’मधला ‘ड्राफ्ट’ : मसुदा, धनाकर्ष की पिंप?

प्रश्न

ब्रिटिश आणि आयरिश बिअरच्या जाहिरातींच्या इतिहासावरील एका दीर्घ लेखाचा मराठी अनुवाद सध्या मी करत आहे आणि त्यात जागोजागी येणाऱ्या ‘ड्राफ्ट बिअर’ या शब्दाने मला अडवून धरले आहे. संगणकाने केलेल्या कच्च्या अनुवादात तिची ‘मसुदा बिअर’ झाली होती, ती अर्थातच काढून टाकली. ड्राफ्ट म्हणजे पिंपातून काढून पेल्यात दिलेली, बाटलीबंद नसलेली बिअर, एवढे मला ठाऊक आहे. परंतु त्याच लेखात पुढे ‘डब्यातील ड्राफ्ट’ असा उल्लेख येतो, आणि मग ‘पिंपातील बिअर’ हा प्रतिशब्द वापरल्यास ‘डब्यातील पिंपातील बिअर’ अशी विचित्र रचना तयार होते. हा शब्द मुळात काय सांगतो आणि मराठीत तो कसा आणावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

संगणकाची चूक हसण्यासारखी असली, तरी ती एका खऱ्या नात्यावर बोट ठेवते. ‘ड्राफ्ट’ हे ‘ओढणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून आलेले नाम आहे. कागदावर रेघा ओढून केलेला कच्चा आराखडा तो ड्राफ्ट, म्हणून मसुदा. बँकेतून रक्कम ओढून घेण्याचा आदेश तोही ड्राफ्टच, आणि त्यासाठी आपल्या शासकीय परिभाषेने ‘धनाकर्ष’ हा शब्द घडवताना ‘आकर्ष’ म्हणजे ओढणे हा मूळ भाव नेमका पकडला आहे. गाडी किंवा नांगर ओढणारे जनावर आणि एका दमात घशाखाली ओढलेला घोट हेदेखील त्याच शब्दाचे अर्थ आहेत. बिअरच्या बाबतीत ओढण्याची क्रिया पिंपातून होते. आपण विहिरीतून पाणी शेंदतो, तसे इंग्रज तळघरातील पिंपातून बिअर ‘ओढतो’, आणि गुत्त्यातील नोकराने पेला भरण्याला आजही तेथे पाइंट (तेथील पेल्याचे माप) ‘ओढणे’ असेच म्हणतात.

या ओढण्याला पुढे यंत्राचा आधार मिळाला. कुलपे आणि जलदाब यंत्र यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने १७९७ मध्ये जी एकस्वे (पेटंट) घेतली, त्यांत तळघरातील बिअर हातपंपाने वरच्या मजल्यावर चढवण्याची युक्ती होती. त्यापूर्वी प्रत्येक पेल्यासाठी भांडे घेऊन तळघरात उतरावे लागे; पंप आल्यावर विक्रेता गिऱ्हाइकासमोर उभा राहून दांडा ओढू लागला. जाहिरातीच्या दृष्टीने हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो लांब दांडा हीच त्या दुकानाची पहिली पाटी ठरली आणि कोणत्या कारखान्याची बिअर वर येत आहे, हे सांगणारा बिल्ला पुढे त्याच दांड्यावर आला.

दुसरा प्रतिसाद

‘पिंप’ हा शब्द येथे अगदी चपखल आहे, कारण तो स्वतःच मद्याच्या व्यापारातून आपल्याकडे आला आहे. पोर्तुगीज भाषेतील ‘पिपा’, म्हणजे दारूचे लाकडी पिंप, याचे हे मराठी रूप होय. बाटलीचे ‘बूच’देखील पोर्तुगीज ‘बुशा’वरून आले. बिअरसाठी नवे संस्कृत शब्द घडवण्याआधी गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरलेले हे शब्द तपासून पाहावेत, अशी माझी सूचना आहे.

मात्र ‘धारेची बिअर’ असा मोह कोणालाही होऊ नये. मराठीत ‘पहिल्या धारेची’ म्हटले की हातभट्टीची, गाळलेली, कडक दारू डोळ्यांसमोर येते. बिअर गाळली जात नाही, आंबवली जाते. गाळणे म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड करणे, ज्याला आसवन म्हणतात. आंबवणे म्हणजे किण्वाकडून (यीस्टकडून) साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करून घेणे, ज्याला किण्वन म्हणतात. वृत्तपत्रांत बिअरच्या कारखान्याला सर्रास ‘आसवनी’ म्हटले जाते ते याच कारणाने चुकीचे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘किण्व’ हा शब्द उडीद आणि तांदूळ यांच्यापासून बनवलेल्या विरजणासाठी येतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची परिभाषा आजच्यापेक्षा अधिक काटेकोर होती.

तिसरा प्रतिसाद

व्युत्पत्तीविषयी दुमत नाही. तथापि प्रश्नकर्त्यांची खरी अडचण डब्याची आहे आणि तिचे उत्तर शब्दकोशात मिळणार नाही. ‘ड्राफ्ट’ हा आरंभी कृती सांगणारा शब्द होता. विसाव्या शतकात तो चव आणि फेस यांविषयीचे आश्वासन झाला, आणि हा बदल एका यंत्राने व एका जाहिरातीने मिळून घडवला. गिनेस या आयरिश बिअर कंपनीचे उदाहरण यासाठी सर्वांत स्वच्छ आहे.

डब्लिन येथील सेंट जेम्सेस गेटची जागा आर्थर गिनेस यांनी १७५९ मध्ये वार्षिक ४५ पौंड भाड्याने ९००० वर्षांच्या करारावर घेतली, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर जवळजवळ १७० वर्षे या कंपनीने ब्रिटनमधील राष्ट्रीय वृत्तपत्रांत जाहिरात केली नव्हती. पहिली जाहिरात फेब्रुवारी १९२९ मध्ये आली आणि तिने ‘गिनेस तुमच्यासाठी चांगली’ अशा आशयाचे ते गाजलेले वाक्य दिले. लगोलग चित्रकार जॉन गिलरॉय यांची जाहिरातीसाठीची चित्रे आली. १९३५ मध्ये त्यांचा टूकन पक्षी आला. या जाहिराती आपण नीट वाचल्यात तर लक्षात येईल, की त्या काळी विकले जात होते ते आरोग्य आणि बळ. पिंप की बाटली, हा मुद्दा जाहिरातीत जवळजवळ नव्हताच. आज असा आरोग्याचा दावा कोणत्याही मद्याच्या जाहिरातीत खपणार नाही, हा भाग वेगळा.

पिंपातून गिनेस देणे हे तेव्हा कसबाचे काम होते. आयर्लंडमध्ये एक पिंप उंचावर आणि एक खाली ठेवलेले असे. एकातील बिअर जोमदार फेसाळ, तर दुसऱ्यातील मुरलेली आणि शांत. दोहोंचे मिश्रण करून, फेस निवू देऊन, वरचा भाग छाटून पेला भरावा लागे. हे कसब प्रत्येक दुकानात सारखे नसल्यामुळे पेलाही सारखा नसे. गणित शिकून कंपनीत आलेल्या मायकेल ॲश यांनी त्यावर उपाय शोधला आणि १९५९ मध्ये, म्हणजे कंपनीच्या द्विशताब्दीच्या वर्षी, तो बाजारात आला. त्यांनी कर्बवायूच्या जोडीला नायट्रोजन वापरला. नायट्रोजन बिअरमध्ये फार कमी विरघळतो, त्याचे बुडबुडे बारीक असतात आणि ते टिकतात, म्हणून फेस सायीसारखा दाट बसतो. आज जो पेला ‘पारंपरिक’ म्हणून पोस्टरांवर मिरवतो, तो या शोधाचा परिणाम आहे. जाहिरातीतील परंपरेचे वय तपासून पाहण्याची सवय अनुवादकाला असावी, असे मला वाटते.

आता डब्याकडे येतो. साध्या डब्यात दाबाखाली असलेली बिअर उघडली की तिच्यातून कर्बवायूचे मोठे बुडबुडे निघतात. सायीचा फेस निघत नाही. गिनेसच्या तंत्रज्ञांनी यासाठी डब्यात एक पोकळ प्लॅस्टिकचा तुकडा बसवण्याची कल्पना १९६९ मध्येच नोंदवली होती, पण ती विक्रीयोग्य होऊन डबा बाहेर पडायला १९८८ उजाडले. या तुकड्याला इंग्रजीत ‘विजेट’ म्हणतात. डबा उघडताच आतील दाब घसरतो, तुकड्यातील नायट्रोजन आणि थोडी बिअर बारीक छिद्रातून जोराने बाहेर फेकली जाते आणि त्या धक्क्याने सगळ्या द्रवात बारीक बुडबुड्यांची लाट उठते. या युक्तीला १९९१ मध्ये ब्रिटनच्या तत्कालीन राणीच्या नावाने दिला जाणारा तंत्रज्ञानाचा पुरस्कार मिळाला. डब्यावर ‘ड्राफ्ट’ हा शब्द आला तो येथे: कोणीही काहीही ओढलेले नसताना, ओढल्यावर जसे दिसते तसे दिसेल, एवढाच त्याचा अर्थ आहे.

इतर देशांत याच शब्दाला निराळा ताण बसला. अमेरिकेत १९८० च्या दशकात मिलर कंपनीने बाटलीतील बिअर ‘अस्सल ड्राफ्ट’ म्हणून विकली, ती पाश्चरीकरण (जंतू मारण्यासाठी तापवणे) न करता थंड स्थितीत गाळून जंतू काढल्याच्या आधारावर. येथे ‘गाळणे’ हे गाळण्यातून गाळणे आहे, भट्टीतले नव्हे. आपल्या क्रियापदाची ही दुधारी अडचण लक्षात ठेवावी. जपानमध्ये ‘नामा’, म्हणजे कच्ची, हा शब्द पिंपातील ताज्या बिअरसाठी वापरला जाई. सनटोरी या कंपनीने १९६७ मध्ये सूक्ष्म गाळणी वापरून तो बाटलीवर आणला आणि त्यावरून कंपन्यांमध्ये बराच वाद झाला. तेथे अखेर उष्णतेची प्रक्रिया न केलेली बिअर ती ‘नामा’, असा अर्थ रूढ झाला. म्हणजे अमेरिकेत आणि जपानमध्ये पिंपाची जागा पाश्चरीकरणाच्या अभावाने घेतली, तर गिनेसच्या डब्यात फेसाने.

चौथा प्रतिसाद

वरील विवेचनाला एक पुरवणी जोडतो. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात धातूच्या बंद पिंपांतील, पाश्चरीकृत आणि कर्बवायूच्या दाबाने वर चढवलेल्या बिअरचा जाहिरातींच्या बळावर मोठा प्रसार झाला. तीही ‘ड्राफ्ट’च म्हटली जाई, कारण ती नळातूनच येत असे. त्याला विरोध करण्यासाठी १९७१ मध्ये ग्राहकांची एक चळवळ उभी राहिली आणि तिने ‘रिअल एल’ (एल हा बिअरचा एक प्रकार) हा शब्द रूढ केला. ज्या पिंपातून बिअर दिली जाते त्याच पिंपात तिचे दुसरे किण्वन होऊन ती मुरली पाहिजे आणि ती काढताना बाहेरून कर्बवायू वापरता कामा नये, ही त्या शब्दाची अट आहे. जाहिरातींनी ‘ड्राफ्ट’ शब्द इतका सैल केला होता, की ग्राहकांना जुन्या अर्थासाठी नवा शब्द घडवावा लागला. आपल्या लेखात हा शब्द आला असल्यास तेथे ‘खरी बिअर’ असे न लिहिता ‘पिंपात मुरलेली एल’ असे लिहावे. आपल्याकडे लोणचे मुरते, मुरांबा मुरतो. हे क्रियापद येथे शोभते. ‘लागर’ हा बिअरच्या दुसऱ्या प्रकाराचा शब्दही जर्मन भाषेतील ‘साठवून ठेवणे’ या क्रियापदावरूनच आला आहे, म्हणून तीही एका अर्थी मुरवलेलीच बिअर होय.

प्रश्नकर्त्यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘सुटी बिअर’ असा एक पर्याय माझ्या मनात होता, कारण पिशवीचे दूध आणि सुटे दूध, डब्यातील तेल आणि सुटे तेल हा भेद घरोघरी परिचित आहे; परंतु ‘सुटी’ वाचताच रविवार आठवेल, अशी भीती वाटते. आता असे ठरवतो, की गुत्त्यातील संदर्भात ‘पिंपातील बिअर’ लिहावे आणि डब्यावरील किंवा जाहिरातीतील शब्द ‘ड्राफ्ट’ असाच ठेवून पहिल्या ठिकाणी त्याचा खुलासा करावा. मराठीत याला रुळलेला शब्द नाही याचे एक कारण कदाचित कायद्यातही असेल. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमापासून मद्याच्या जाहिरातींवर येथे निर्बंध आहेत, आणि त्यामुळे गिलरॉय यांच्या पोस्टरांसारखे मराठी लिहिण्याची वेळ कोणावर फारशी आलीच नाही. एक शंका मात्र उरते: ‘विजेट’साठी काय लिहावे? ‘उपकरण’ फार मोठे वाटते आणि ‘तुकडा’ फार मोघम.

तिसऱ्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

‘गोटी’ लिहावे. गोटी सोड्याची बाटली आपल्या वाचकाने पाहिलेली असते, आणि हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकात काढलेल्या त्या बाटलीतील काचेची गोटी वायूच्या दाबाने तोंडाशी घट्ट बसून वायू आत कोंडते. गिनेसच्या डब्यातील पहिला तुकडा तळाशी बसवलेला होता, पण १९९० च्या दशकात त्याची जागा तरंगणाऱ्या पोकळ चेंडूने घेतली, त्यामुळे आकारही जुळतो. फरक एवढाच, की सोड्याची गोटी वायू अडवते आणि ही गोटी तो सोडते. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘वायू सोडणारी प्लॅस्टिकची गोटी’ असे लिहून पुढे नुसते ‘गोटी’ चालेल.